कशाच्या पन्नास टक्के?

माझ्या फोनमधल्या एका ॲपात 'रद्द क…' असं लिहिलेलं एक बटण आहे. 'रद्द करा' पूर्ण मावलेलं नाही, म्हणून तीन टिंबं टाकून ॲपने विषय संपवला आहे. खरं तर बटणाच्या दोन्ही अंगांना भरपूर मोकळी जागा पडली आहे. ते थोडं रुंद झालं असतं तर कुणाच्या पायावर पाय पडला नसता. पण ते होत नाही, कारण कुठल्यातरी कचेरीत कुणीतरी त्यात इंग्रजी 'कॅन्सल' बसवून पाहिलं, ते बसलं, आणि त्या रुंदीचा आकडा कोडमध्ये कायमचा लिहिला गेला. मराठी मागाहून आली. मागाहून येणाऱ्याने आहे त्यात भागवून घ्यावं, अशी अपेक्षा असते.

हे बटण ॲप बनवणाऱ्या कुणाही मुलाला दाखवा. तो 'च्च' करेल आणि म्हणेल, "फिक्स आकडा टाकलाय हो यांनी. कंटेनरच्या हिशोबाने द्यायचं असतं. पन्नास टक्के, तीस टक्के असं." ऐकून बरं वाटतं. फोन लहान असो की मोठा, बटण आपलं निम्म्या जागेत. कुणावर अन्याय नाही. शंका येते ती नंतर, चहा पिता पिता. पन्नास टक्के, पण कशाचे?

"पडद्याचे" असं उत्तर सुचतं, पण ते क्वचितच बरोबर असतं. ॲपचा पडदा म्हणजे चौकटींत चौकटी, त्यांत आणखी चौकटी. बटण एका रांगेत असतं, रांग कार्डात, कार्ड यादीत, यादी पानात. बटणाला पन्नास टक्के दिले की ते फक्त लगतच्या बाहेरच्या चौकटीकडे बघतं. तिच्या पलीकडे पडदा केवढा आहे, फोन कुणाच्या हातात आहे, माणूस घाईत आहे का, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. बाहेरच्या चौकटीला या धंद्यात पेरेंट म्हणतात आणि आतलीला चाइल्ड. नातंच असं जोडून ठेवलं म्हटल्यावर पुढची भांडणं ओघाने आली.

त्यातलं जुनं आणि नामांकित भांडण उंचीचं. वेबपानात रुंदी वरून खाली येते: खिडकी जेवढी रुंद तेवढं पान, पान जेवढं तेवढी चौकट. उंचीचं उलट. चौकटीची उंची तिच्यात मजकूर किती आहे त्यावर ठरते. म्हणजे बाप म्हणतो, "पोरं जेवढी वाढतील तेवढा मी." आणि पोरगं म्हणतं, "बाबांच्या निम्मा मी." आता ब्राउझरने आधी कुणाला मोजायचं? सीएसएस, म्हणजे वेबपानाची मांडणी सांगणारी भाषा, हिने यावर व्यवहारी तोडगा काढला. बापाची उंची ठरलेली नसेल, तर मुलाचे टक्के धरायचेच नाहीत. कुठे तक्रार येत नाही, चूक दाखवली जात नाही. 'हाइट हंड्रेड पर्सेंट' लिहिलेली चौकट नुसती बसकी होऊन पडून राहते. नवशिका मग बापाला हंड्रेड पर्सेंट देतो. काही होत नाही. मग आजोबांना देतो. मग बॉडीला, मग थेट मूळपुरुष एचटीएमएलला. तिथे पोचल्यावर सगळं एकदम उभं राहतं. तेव्हा झालेला आनंद आणि ते का झालं याबद्दलचं अज्ञान, दोन्ही तो पुढे कितीतरी वर्षं सांभाळून असतो.

पॅडिंगचा नियम तर आणखी न्यारा. चौकटीच्या आत वर आणि खाली सोडायच्या जागेचे टक्के उंचीवरून मोजत नाहीत, रुंदीवरून मोजतात. विक्षिप्तपणा खरा, पण त्याच्यावर एका पिढीने पोट भरलं. १६:९ आकाराचा व्हिडिओ हवा असेल, तर चौकटीची उंची शून्य ठेवायची आणि खालचं पॅडिंग ५६.२५ टक्के द्यायचं, कारण नऊ भागिले सोळा म्हणजे तेवढंच. चौकटीत स्वतःचं असं काही नाही, निव्वळ पॅडिंग, आणि त्या पॅडिंगवर व्हिडिओ अंथरलेला. ५६.२५ हा आकडा लोकांना तोंडपाठ असे. २०२१ मध्ये ब्राउझरांत 'ॲस्पेक्ट रेशो' नावाचा सरळ नियम येऊन पोचला आणि एवढी विद्या एका ओळीत निकामी झाली.

गंमत अशी की, सीएसएसच्या अगदी पहिल्या प्रस्तावातही टक्के होते, पण वेगळ्याच गोष्टीचे. १९९४ च्या ऑक्टोबरात सर्न या जिनिव्हाजवळच्या संशोधनसंस्थेतल्या होकोन व्हिउम ली याने तो मांडला. त्यात मथळ्याच्या अक्षरांचा आकार '२० पॉइंट' असा द्यायचा आणि त्यापुढे '४० टक्के' लिहायचं, अशी सोय होती. हे चाळीस टक्के हक्काचे. म्हणजे या अक्षरांच्या आकाराबाबत माझा शब्द चाळीस टक्के चालावा, उरलेल्या साठांवर दुसऱ्या कुणी बोलावं. पान करणारा आणि पान वाचणारा, दोघांनी मिळून आकार ठरवायचा! १९९६ च्या डिसेंबरात सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली, तेव्हा ही हक्काची टक्केवारी तिच्यात उरली नव्हती. जागेची तेवढी उरली. प्रत्यक्षात ती कल्पना फार किचकट झाली असती, हे मला कळतं. तरी ती गेल्याची हुरहुर वाटते.

कारण पुढे काय झालं बघा. पूर्ण हक्क हातात आल्यावर पान करणाऱ्यांनी टक्के बाजूला सारले आणि आकडे धरले. त्या काळातल्या कितीतरी संकेतस्थळांच्या तळाशी एक सूचना असायची: हे पान ८०० × ६०० वर उत्तम दिसेल. वाचकाने आपला मॉनिटर बदलून यावं, अशी ती नम्र विनंती. जॉन ऑलसॉप या ऑस्ट्रेलियन लेखकाने २००० साली 'अ डाओ ऑफ वेब डिझाइन' हा लेख लिहून, बाबांनो, हा छापील कागद नव्हे, हे परोपरीने समजावलं. लोकांनी लेखाची तारीफ केली आणि ८०० च्या जागी १०२४ केलं.

मग फोन आले. २००७ चा पहिला आयफोन ३२० × ४८० चा होता, आणि ॲप बनवणाऱ्यांनी हे दोन आकडे जन्मतारखेइतके पाठ केले. २०१२ मध्ये आयफोन पाच आला तो तेवढाच रुंद, पण उंच. जुनी ॲप्स त्याच्यावर उघडली की वर आणि खाली काळ्या पट्ट्या दिसत. या दोन फोनांच्या मधे, २०१० च्या मे महिन्यात, ईथन मार्कॉट याने 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव रूढ केलं. त्याचा मंत्र म्हणजे शाळेतला भागाकार: हवा असलेला आकार भागिले बाहेरच्या चौकटीचा आकार. २४ च्या मथळ्यात ११ ची दुव्याची अक्षरं हवी असतील तर ११ भागिले २४, म्हणजे ०.४५८३३३३३३३३३३३३. दशांशाचे आकडे तोडायचे नाहीत, आहेत तसे कोडमध्ये उतरवायचे. ते कोड वाचताना एखाद्या खगोलशास्त्रज्ञाची वही हाती लागल्यासारखं वाटे. असतं एवढंच, की बाजूचा रकाना जरा अरुंद हवा.

या भागाकारालाही पिढ्यांचा शाप होता. अक्षरांना '०.८ एम' दिलं की ती पेरेंटच्या अक्षरांच्या ऐंशी टक्के होतात. यादीत यादी, तिच्यात आणखी यादी असेल, तर दुसऱ्या पिढीत ०.६४, तिसऱ्या पिढीत ०.५१२. तीन पायऱ्या खाली उतरेपर्यंत अक्षरं निम्म्यावर. यावर 'रेम' नावाचं माप काढलं गेलं. ते बापाला विचारतच नाही, थेट मूळपुरुषाला विचारतं. घराण्याच्या वादांत हा मार्ग नेहमीच लोकप्रिय असतो.

ॲपच्या दुनियेत तर प्रत्येक कंपनीचे संस्कार निराळे. अँड्रॉइडमध्ये चौकटीला बापाएवढी करायची तर पूर्वी 'फिल पेरेंट' लिहीत. २०१० मध्ये त्याचं नाव बदलून 'मॅच पेरेंट' झालं. काम तेच, आतला आकडाही तोच, आणि तो आहे उणे एक. म्हणजे बापाएवढं होण्याची किंमत उणे एक आणि आपल्यात जेवढं आहे तेवढंच राहण्याची उणे दोन. यात काही खोल अर्थ असावा असं मला बरेच दिवस वाटत होतं. नाहीये.

ॲप बनवायच्या गुगलच्या फ्लटर या साधनात शिस्त कडक. बंधनं वरून खाली जातात, आकार खालून वर येतात, आणि कुणी कुठे बसायचं ते पेरेंट ठरवतो. मुलाने मर्यादेबाहेर पाऊल टाकलं तर तयार होत असलेल्या ॲपच्या कडेला पिवळेकाळे पट्टे उमटतात आणि किती पिक्सेलांनी मर्यादा ओलांडली ते लिहून येतं. ॲपलच्या २०१९ च्या स्विफ्टयूआयचं उलट. तिथे पेरेंट फक्त सुचवतो, मूल आपला आकार आपण निवडतं, आणि पेरेंटला तो निमूट मान्य करावा लागतो. दोन्ही घरांत जाऊन आलेले डेव्हलपर मी पाहिले आहेत. कुठल्याही घरात सुख नाही, असं त्यांचं मत पडलं. फ्लटरमध्ये सरकणाऱ्या यादीची उंची अमर्याद धरतात. तिच्यात एखाद्या चौकटीने "मला उंचीचे पन्नास टक्के द्या" म्हटलं, तर उत्तर येतं अनंत. निम्मं केलं तरी अनंतच. वेदान्त्यांना हे चालतं, फ्लटरला चालत नाही. ते तिथेच संप पुकारतं. आणि स्विफ्टयूआयमध्ये आपल्याला जागा किती मिळाली आहे हे विचारायला 'जॉमेट्री रीडर' पाठवावा, तर तो ती सगळी जागा स्वतःच अडवून बसतो आणि मग आकडा सांगतो. २०२३ मध्ये ॲपलने या कामासाठी वेगळी सोय केली, पण तिच्यात 'कंटेनर' म्हणजे लगतचा बाप नव्हे. साध्या रांगा आणि उतरंडी ती मोजत नाही. सरकती यादी किंवा खिडकी असा कुणी वजनदार पूर्वज भेटेपर्यंत वर चढत जाते. तेव्हा "कशाचे पन्नास टक्के?" हा प्रश्न तिथेही उभाच.

जागावाटपाची जी पद्धत सर्वांत जास्त चालते ती फ्लेक्स, आणि ती समजावून सांगायला मुंबईच्या लोकलइतकं चांगलं साधन नाही. बाक तिघांचा. चौथा येतो आणि काही न बोलता हाताने नुसती खूण करतो. तिघे थोडे थोडे आक्रसतात. जो मुळात जास्त पसरलेला असतो त्याने जास्त सरकायचं, हा नियम फ्लेक्समध्येही अक्षरशः आहे. आक्रसण्याचा वाटा मूळ रुंदीच्या प्रमाणात पडतो. पण एखाद्याच्या मांडीवर पेटी असते. तो म्हणतो, "याहून आत येता येत नाही." फ्लेक्समधली पेटी म्हणजे सर्वांत लांब शब्द. चौकट आक्रसत आक्रसत त्या शब्दाच्या रुंदीपर्यंत येते आणि तिथे पाय रोवते. मग चौथ्याची एक मांडी कायमची बाहेर, पॅसेजमध्ये.

मराठीकडे अशा पेट्यांना तोटा नाही. आपण शब्दयोगी अव्ययं जोडून लिहितो. इंग्रजीत जिथे तीनचार सुटे शब्द गुण्यागोविंदाने दोन ओळींत विभागून बसतात, तिथे आपला 'अर्जदाराव्यतिरिक्त' एकटा येतो आणि अख्खा बाक मागतो. पण रुंदीचं दुःख तसं दिसतं तरी. उंचीचं फसवं असतं. रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेल्या बटणात देवनागरीचे रफार, अनुस्वार, मात्रा वरच्या कडेला घासतात आणि कापले जातात. मग 'कर्ज मंजूर' असा शुभ संदेश 'कज मजूर' होऊन झळकतो. खालून कापलं तर 'हप्ता चुकला' चा 'हप्ता चकला'. ओळीची उंची अक्षरांच्या प्रमाणात, जरा सढळ हाताने दिली, तर हे सगळं टळतं. पण त्यासाठी मराठी मजकूर एकदा त्या बटणात घालून बघावा लागतो, आणि घोडं तिथेच अडतं.

दुकानांच्या पाट्यांबाबत महाराष्ट्राने हा प्रश्न कायद्यानेच सोडवला. २०२२ च्या दुरुस्तीनुसार पाटीवरची मराठी अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. पाटी केवढी, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. ना बापाच्या हिशोबात, ना मूळपुरुषाच्या. थेट भावंडाशी तुलना. आकार ठरवण्याची ही रीत कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये मला इतकी ठणठणीत लिहिलेली दिसली नाही.

वेबवर मात्र बराच काळ बाहेरच्या चौकटीकडे बघून चौकटीला आपली मांडणी बदलता येत नव्हती. मीडिया क्वेरी म्हणून जे होतं ते फक्त खिडकीला विचारायचं. खिडकी प्रशस्त आहे असं ऐकून बातमीचं कार्ड ऐसपैस मांडी घालायचं, आणि बसलेलं असायचं कडेच्या चिंचोळ्या रकान्यात. कार्डाने आपल्या कंटेनरलाच विचारावं, ही मागणी वर्षानुवर्षं होत होती, आणि जाणकार वर्षानुवर्षं नाही म्हणत होते. कारण तेच, बापलेकांचं. कंटेनर अरुंद आहे म्हणून मूल आक्रसलं, मूल आक्रसलं म्हणून कंटेनर आणखी अरुंद झाला, की मूल पुन्हा विचारणार. हे फिरत राहिलं असतं. अखेर तोड निघाली ती अशी, की ज्या चौकटीला कंटेनर म्हणून मिरवायचं असेल तिने आधी जाहीर करावं: माझी रुंदी मी मुलांकडे बघून ठरवणार नाही. एवढी शपथ घेतली की मुलांनी खुशाल तिला मापावं. मिरियम सुझॅन आणि इतरांनी या नियमाची लेखी घडी बसवली. २०२२ च्या उत्तरार्धात तो क्रोम आणि सफारीत आला, २०२३ च्या फेब्रुवारीत फायरफॉक्समध्ये. सोबत नवी मापंही आली. कंटेनरच्या रुंदीचा शंभरावा भाग हेच एक एकक.

झालं, आता सगळंच टक्क्यांत लिहून टाकू, असा उत्साह त्यामुळे सध्या आहे. मला तिथे जरा थांबावंसं वाटतं. चित्रं, पार्श्वभूमी, मोकळ्या जागा यांनी कंटेनरप्रमाणे फुगावं-आटावं. त्यांचं काही जात नाही. पण बोट आटत नाही. फोन लहान असला म्हणून माणसाचा अंगठा लहान होत नाही, हे ॲपल आणि गुगल दोघांनीही ओळखलं आहे. म्हणून दाबायच्या जागेसाठी एकाने ४४ पॉइंट आणि दुसऱ्याने ४८ डीपी असा किमान आकडा दिला आहे. सरळ आकडा, टक्के नाहीत.

डोळ्यांचंही तेच. अक्षरांचा आकार खिडकीच्या रुंदीच्या टक्क्यांत बांधणारे कलावंत आहेत. पान झोकदार दिसतं यात वाद नाही. पण वाचणाऱ्याने ब्राउझरमध्ये झूम वाढवलं की ब्राउझरच्या हिशोबात खिडकी तेवढीच आक्रसते, आणि तिच्या टक्क्यांत बांधलेली अक्षरं होती तेवढीच राहतात. माणूस झूम वाढवतो आहे, चित्रांच्या चौकटी सरकताहेत, पट्ट्या जाड होताहेत, आणि ज्यासाठी हे चाललंय ती अक्षरं ढिम्म. मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता आला पाहिजे, तेही काही न गमावता, असं वेबच्या सुगम्यतेच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. यावर उपाय आहे: मापात थोडा वाटा खिडकीचा ठेवायचा आणि थोडा रेमचा, म्हणजे वाचकाने स्वतः निवडलेल्या आकाराचा. चाळीस-साठचा तो जुना हिशोब असा मागल्या दाराने परत आला आहे म्हणायचा. पण तो ठेवायचा की नाही हे अजूनही पान करणाराच ठरवतो, आणि पान करणारा बहुधा पंचविशीतला, चष्मा नसलेला असतो.

आमच्या काकांनी फोनवरची अक्षरं सर्वांत मोठी करून ठेवली आहेत. परवा एका ॲपात शिरताना त्यांना खालचं बटणच सापडेना. मजकूर एवढा फुगला होता की बटण पडद्याखाली गेलं होतं, आणि ते पान सरकवायची सोय कुणी ठेवली नव्हती. पुतण्याने फोन हातात घेतला, क्षणभर बघितलं आणि म्हणाला, "काका, अक्षरं बारीक करा. लगेच दिसेल बटण."

"बटण दिसेल रे," काका म्हणाले, "पण त्याच्यावर काय लिहिलंय ते दिसणार नाही. कर्ज घेतोय की फेडतोय, ते तू सांगत बसणार आहेस का?"